ओत्रोबांदातली आई

आधी तो आवाज पोटात शिरतो, मग कानांत. जुलैतली दुपार होती. रॉटरडॅमच्या एका रुंद रस्त्याच्या कडेला आम्ही तिघी उभ्या होतो: मी, माझी लेक सई आणि हूफडॉर्पमधली आमची शेजारीण ग्लेंडा. कॅरिबियन बेटांवरून इकडे येऊन राहिलेली माणसं दर उन्हाळ्यात इथं कार्निव्हलची मिरवणूक काढतात, ती बघायला आलो होतो. पहिला ट्रक अजून वळणाच्या पलीकडेच होता, पण बरगड्यांच्या आत काहीतरी हलायला लागलं होतं. मग वाऱ्याबरोबर ट्रंपेट आली आणि तिच्यामागून तो खरखरता आवाज, खवणीवर नारळ खवल्यासारखा. खाचा पाडलेल्या लोखंडी पट्टीवर सळई घासून वाजवतात. विरी म्हणतात त्या वाद्याला.

"आई, रडतेयस?" सईनं डचमध्ये विचारलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं.

"ऊन लागतंय डोळ्यांना," मी म्हटलं. तिनं वर पाहिलं. आभाळ नेहमीसारखं राखाडी होतं. बारा वर्षांच्या मुली अशा वेळी पुढचं विचारत नाहीत, तेवढं बरं असतं.

ही विरी मी पहिल्यांदा ऐकली ती माझ्या आईच्या शेजारी उभी राहून. इथून समुद्रापार, कुरासाव बेटावरच्या विलेमस्टाड शहरात. तेव्हा सई शाळेतसुद्धा जात नव्हती.

बाबा गेले त्या वर्षी मी आईला मिरजेहून हॉलंडात, हूफडॉर्पला आणलं होतं. आमची वसाहत विमानतळाजवळची, नवी, घरं एकसारखी, रस्ते धुतल्यासारखे. आईला पहिले काही दिवस सगळ्याचं कौतुक वाटलं. कालव्यातली बदकं, सायकलवर पुढच्या पेटीत बसवून नेलेली मुलं, सुपरमार्केटातली सोललेली लसूण. मग ती खिडकीशी बसायला लागली. आमच्या मिरजेच्या गल्लीत सतारी बनवतात. सकाळी भोपळे तासल्याचा आवाज, दुपारी लाखेचा वास, संध्याकाळी कुणीतरी नव्या तारा लावून तीच एक तार खालीवर करत बसलेला. आई त्या आवाजात चाळीस वर्षं साड्यांना फॉल लावत आली होती. गल्लीतल्या, मग पेठेतल्या, मग अर्ध्या गावातल्या साड्या तिच्याकडे यायच्या. हूफडॉर्पला ती एकदा खिडकी उघडून बराच वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथं कुणी राहतंय की नाही गं?" वरून एक विमान गेलं. "ही विमानं तेवढी सोबतीला."

मी मात्र ठरवून टाकलं होतं. आई आता इथंच राहणार. तिच्या परवान्यासाठी वकील गाठला होता. तो म्हणाला होता, अवघड आहे, अशक्य नाही. मिरजेच्या घरालाही गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं. आईनं हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. ती "बघू" म्हणायची, आणि मी ते हो म्हणून धरलं होतं.

ग्लेंडाचं दुःख तेच होतं, फक्त उलट्या बाजूनं. तिची आई लिना विलेमस्टाडमध्ये एकटी राहायची. चारही मुलं हॉलंडात, आणि ही बाई काही केल्या बेट सोडायला तयार नव्हती. तिथला कार्निव्हल फेब्रुवारीत असतो, आणि त्या दिवसांत ग्लेंडाला विमानतळावरच्या कामातून रजा मिळेना. तेव्हा ती एक दिवस आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

"तू जा. तुझ्या आईला घेऊन जा. घर मोठं आहे, राहायची सोय होईल. माझी आई बघेल तरी, की इतक्या लांबून, भारतातून आलेली बाई हॉलंडात मजेत राहते म्हणून. मग तिला पटेल."

आई मजेत राहते की नाही, हे आम्ही दोघींनी आईला विचारलं नव्हतं. सईला तिच्या बाबाकडे सोपवून मी आईबरोबर निघाले. ग्लेंडानं तिच्या आईसाठी एक भलीमोठी पिशवी दिली होती. फुगलेली, पण हाताला वजनच न लागणारी. आत निळी पिसं होती आणि टिकल्यांची पाकिटं.

विमानातून उतरल्यावर पहिल्यांदा अंगावर आला तो वारा. गरम, खारट, न थांबणारा. तिथली झाडंसुद्धा त्या वाऱ्यानं एका बाजूला वाकून वाढलेली असतात, केस विंचरल्यासारखी. आईनं स्वेटर काढला, घडी न घालता पिशवीत कोंबला आणि मोठा श्वास घेतला. "ही खरी हवा," ती म्हणाली. मग तिचं लक्ष रस्त्यावरच्या पाट्यांकडे गेलं. ती अक्षरं तिच्या ओळखीची झाली होती. "म्हणजे हेही हॉलंडच?"

"हो आणि नाही. राजा तोच, कारभार वेगळा," मी म्हटलं.

"मग बरंय," आई म्हणाली. काय बरंय, ते तिनं सांगितलं नाही.

विलेमस्टाडचे दोन काठ आहेत. मधून समुद्राची एक रुंद पट्टी आत गेलेली. एका काठावर किल्ला, बाजार, आणि पोस्टकार्डावर असते ती पिवळ्या, निळ्या, गुलाबी घरांची रांग. दुसऱ्या काठाचं नावच ओत्रोबांदा. त्याचा अर्थ पलीकडची बाजू. लिनाचं घर तिथं, चढाच्या एका अरुंद गल्लीत, लाल कौलांचं. दारातच इस्त्रीच्या गरम कापडाचा वास आला. आत खुर्च्यांवर, पलंगावर, खिडकीच्या दांडीवर कार्निव्हलचे पोशाख टांगलेले. फरशीवर सगळीकडे टिकल्या, चालताना तळव्यांना चिकटणाऱ्या. आणि मधोमध पायाच्या शिवणयंत्रामागे लिना. उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांवर रुमाल बांधलेला, ओठांत दोन टाचण्या.

तिनं टाचण्या काढल्या आणि मला दुशी म्हणून जवळ घेतलं. दुशी म्हणजे गोड, लाडकी. तिकडे ते सगळ्यांना म्हणतात. मग तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघतच नव्हती. आई यंत्राकडे बघत होती.

"माझ्यासारखंच आहे की गं," आई म्हणाली आणि चपला काढून थेट आत गेली.

लिनाला डच येत होतं, त्यामुळे माझं तिच्याशी जमायचं. आईला डच येत नव्हतं, आणि लिनाला मराठी कुठून येणार? पहिल्या संध्याकाळी मी दोघींच्या मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की माझी गरज उरलेली नाही. आई तिला लिनाताई म्हणायला लागली होती आणि सरळ मराठीतच बोलत होती. "लिनाताई, हे टाके लांब पडलेत. एका नाचात सुटतील बघा." लिना तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हणाली, हसली आणि कात्री पुढे केली. आईनं ते सगळं उसवलं आणि पुन्हा बसवलं. उसवताना आणि शिवताना आई बोलतच होती: बाबांच्या आजारपणाचं, गल्लीतल्या भांडणांचं, माझ्या जन्माच्या वेळच्या पावसाचं. बाबा गेल्यापासून आईनं माझ्यापाशी त्यांचं नाव काढलं नव्हतं. मी शेजारच्या खोलीत पलंगावर पडून ऐकत होते. लिना अधूनमधून "हं" म्हणायची, अगदी जिथं म्हणायला हवं तिथं.

घरात रेडिओ अखंड चालू असायचा. कार्निव्हलच्या आधी तिथं गाण्यांची मोठी स्पर्धा होते, आणि त्यात जे गाणं पहिलं येतं ते सगळ्या बेटावर वाजत राहतं. दुकानात, बसमध्ये, शेजारच्या अंगणात. टुंबा म्हणतात त्या चालीला. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "डोकं उठलं बाई." दुसऱ्या दिवशी काही म्हणाली नाही. मग एका दुपारी मी पाहिलं, ती यंत्रावर बसली होती आणि तिचा पाय टुंबाच्या ठेक्यावर चालत होता. शिवण सरळ येत होती.

लिनानं मला त्या ठेक्याबद्दल सांगितलं होतं. तिच्या आजीच्या आजीच्या काळी, गुलामगिरीत, मालक लोक ढोल वाजवू द्यायचे नाहीत. माणसं मग हाताला जे लागेल त्यावर वाजवायची. कुदळीचं पातं, लोखंडाचा तुकडा. "आता सगळं वाजवता येतं," ती म्हणाली, "पण ते कुदळीचं पातं आम्ही सोडलं नाही." आईला मी हे मराठीत सांगितलं. आईचे हात थोडा वेळ थांबले. मग तिनं दोरा दातानं तोडला आणि पुढचा पोशाख ओढून घेतला.

स्वयंपाकघरही दोघींनी वाटून घेतलं. आई मांस-मासे खात नाही हे कळल्यावर लिनानं चवळी घालून मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा केला. आणि एका सकाळी तिनं लाल भोपळा उकडून, कुस्करून, पिठात कालवून तव्यावर जाडसर पोळ्या टाकल्या. दालचिनीचा वास सगळ्या गल्लीत गेला. आई चुलीशी जाऊन उभी राहिली. "अगं, हे तर घारगे!" मग तिनं उरलेल्या पिठात गूळ नव्हता म्हणून साखर घालून, थापून, तळून आपले घारगे केले. लिनानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि तिसरा पदरात घेतल्यासारखा एप्रनच्या खिशात टाकला. खिडकीत साखरेची वाटी ठेवलेली असायची. पिवळ्या पोटाचे इवले पक्षी तिच्यावर यायचे. लिनानं घारग्याचा एक तुकडा त्यांनाही ठेवला.

मी आईला शहर दाखवायला नेलं. पलीकडच्या काठावरच्या गल्ल्या, दुकानांच्या वरचे हिरवे सज्जे, किल्ल्याच्या भिंतीखाली फुटणाऱ्या लाटा. एका जुन्या ज्यू प्रार्थनाघरात गेलो. आत फरशी नव्हतीच, सगळीकडे वाळू पसरलेली. आईनं सवयीनं चपला बाहेर काढल्या होत्या. ती अनवाणी त्या गार वाळूत उभी राहिली, डोळे मिटून. वर पितळेची मोठी झुंबरं, निळ्या काचांतून आलेला उजेड, आणि खाली माझी आई, नऊवारी नव्हे पण चापूनचोपून नेसलेल्या साडीत. तिथल्या रखवालदारानं तिला चपला घाला म्हटलं नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंस?"

"मागायचं कशाला? पाय गार झाले," आई म्हणाली.

मग मिरवणुकीचा दिवस आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी आपापल्या फळ्यांचे मांडव उभारले होते, रंगवलेले, आत खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्या. लिनाच्या गल्लीचाही एक होता. पुढच्या दोन खुर्च्यांवर लिना आणि आई, दोघींवर एक छत्री. ऊन डांबरातून वर येत होतं. तळलेल्या पिठाचा, नारळाच्या तेलाचा, घामाचा वास. पहिला ट्रक आला तेव्हा आईनं कानांवर हात ठेवले. वर अख्खा वाद्यवृंद उभा, ट्रंपेट, ढोल, आणि कडेला एक माणूस ती विरी घासत. त्यामागून नाचत येणाऱ्या बायका, म्हाताऱ्यासुद्धा, लठ्ठसुद्धा, पिसं आणि टिकल्या आणि हसू. पथकामागून पथक. हळूहळू आईचे हात मांडीवर आले.

मग निळं पथक आलं. आमचं. त्या घरात टांगलेले ते सगळे पोशाख आता उभे राहून नाचत होते. मांडवासमोर आल्यावर पथक थांबलं. ट्रकही थांबला. आणि सगळ्या निळ्या बायका लिनाकडे वळल्या, तिच्या नावानं ओरडल्या आणि वाकल्या. ट्रंपेटवाला कठड्यावरून खाली झुकून तिच्यासाठी वाजवायला लागला. लिना उभी राहिली. मला वाटलं रडेल. तिनं कमरेवर हात ठेवले आणि एकेकीच्या शिवणीवर नजर फिरवली. पुढच्या मुलीची खांद्याची पट्टी सुटत आली होती. लिनानं बोट दाखवलं. तोवर आई खुर्चीतून उठून, रस्त्यावर जाऊन, हातातल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन काढून ती पट्टी टाचायलाही लागली होती. "हालू नकोस, टोचेल," आई त्या मुलीला मराठीत दटावत होती. मुलगी खरंच स्थिर उभी राहिली. मग तिनं वाकून आईच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. सोनेरी चमकी आईच्या गालांवर उतरली. बाबा गेल्यापासून आईनं साधी पावडरसुद्धा लावली नव्हती. ती परत येऊन खुर्चीत बसली आणि ती चमकी तिनं पुसली नाही. रात्री जेवताना ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पलीकडे फळं घ्यायला निघालो. दोन काठांना जोडणारा पूल तिथं होड्यांवर तरंगतो. जहाज येणार असलं की घंटा होते आणि पूल एका टोकाला धरून दारासारखा उघडतो. आम्ही मध्यावर होतो आणि घंटा झाली. फाटकं बंद झाली. पायांखालची लाकडं थरथरली आणि अख्खा पूल आम्हाला घेऊन बाजूला सरकायला लागला. मी आईचा दंड धरला.

"सोड. पडत नाही मी," आई म्हणाली. ती कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होती. मग त्याच सुरात म्हणाली, "मी मिरजेला जाणार आहे. राहायला."

"आई, हे आपलं बोलून झालंय."

"तू बोललीस. मी ऐकलं."

"तिथं एकटी राहशील? काही झालं तर?"

"लिनाताई एकटी आहे का? सांग बघू. काल बघितलंस ना तू?"

"त्यांचं वेगळं आहे."

"काही वेगळं नाही. तुझ्याकडे मला सगळं मिळतं गं. गरम पाणी, गोळ्या वेळेवर, सई. पण दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही. तिथं उठल्यापासून काकू, काकू. फॉल झाला का काकू, पिको झाली का. कटकट व्हायची मला. आता त्या कटकटीसाठी जीव टाकते मी."

"पडलीबिडलीस तर कोण आहे तिथं?"

"पडेन की. उचलतील." आणि मग, माझ्याकडे न बघता, "नाही उचललं वेळेवर, तरी माझ्या दारात पडलेली असेन."

मला इतका राग आला होता, की मी तोंड फिरवलं. मोठं जहाज शेजारून चाललं होतं, इतकं उंच की त्यानं आमच्यावरचं ऊन अडवलं. त्याच्या कठड्यावरून कुणीतरी हात हलवला. आईनंही हलवला. दोन्ही काठांवर माणसं खोळंबली होती आणि मध्ये पाण्यावर आम्ही दोघी. जहाज गेल्यावर मी म्हटलं, "उन्हाळा सुरू झाल्यावर जा. आत्ता नको." आईनं माझ्या हातावर हात ठेवला. तो टिकल्यांच्या डिंकानं खरखरीत झाला होता.

हूफडॉर्पला परतल्यावर ग्लेंडानं सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "मी तुला माझी आई आणायला पाठवलं होतं. तू तुझीही घालवून आलीस!" मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता तिच्या स्वयंपाकघरात दोघी रडलो.

आई एप्रिलमध्ये गेली. घराचं गिऱ्हाईक मीच फोन करून थांबवलं. त्यानंतरची तिची वर्षं मी व्हिडिओ कॉलवर बघितली, मागे तारा लावल्याचा आवाज, आणि दर दोन वाक्यांनंतर "थांब हं, कुणीतरी आलंय." शाळेच्या स्नेहसंमेलनाचे कपडे ती शिवायला लागली होती. सगळ्यांवर टिकल्या. ती पडली नाही. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी फॉल लावता लावता भिंतीला टेकली, ती तशीच राहिली. शेजारच्या काकूंना वाटलं, डोळा लागलाय. त्यांनी अंगावर शाल घातली. मी पोचले तेव्हा गल्लीतली सगळी दारं बंद होती आणि सगळी माणसं आमच्या दारात होती. तारांचा आवाज त्या दिवशी कुणी केला नव्हता.

रॉटरडॅममध्ये ट्रक आता वळणावर दिसायला लागला होता. ग्लेंडानं नेहमीप्रमाणे तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला, मिरवणूक दाखवायला. लिनाचा चेहरा पडदाभर आला. खूप म्हातारी झाली होती. मागे तीच लाल कौलं, तोच वारा. ग्लेंडानं फोन माझ्याकडे वळवला आणि लिनानं मला लगेच ओळखलं.

"दुशी! तुझी आई कशी आहे?"

ग्लेंडाचा चेहरा उतरला. "मी सांगितलंच नाही तिला," ती माझ्या कानात म्हणाली. "धीर झाला नाही."

बरी आहे म्हणणं सोपं होतं. मी डचमध्ये म्हटलं, "आई गेली, लिनाताई. दिवाळीनंतर."

वाटलं, फोनच अडकला. मग तिच्या डोक्यावरचा रुमाल वाऱ्यानं हलला.

"घरात गेली?"

"घरात. शिवताना."

तिनं मान हलवली, एकदा, हळू. "किती बोलायची ती," लिना म्हणाली. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मला एक अक्षर कळत नव्हतं. ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं." ती पडद्याच्या अगदी जवळ आली. "तू बोल ना तिच्यासारखं. थोडं."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या भाषेत. मला कुठे कळणार आहे?"

सईनं फोन माझ्याकडून घेतला आणि दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. आणि मी बोलायला लागले. मराठीत. त्या शालीचं सांगितलं, तिच्या मांडीवर राहिलेल्या अर्ध्या साडीचं सांगितलं. ती साडी नंतर गल्लीतल्या बायकांनी बसून पुरी केली, कारण त्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. काकूंनी शाल काढली तेव्हा सुई अजून तिच्या बोटांत होती, हे सांगितलं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ग्लेंडाला नाही, कुणालाच नाही. सई फोनच्या वरून माझ्याकडे बघत होती, आणि तिला सगळं कळत होतं. लिना डोळे मिटून ऐकत होती. "हं," ती म्हणाली, अगदी जिथं म्हणायला हवं तिथं.

ट्रक आमच्यापाशी येऊन पोचला. माझंच बोलणं मला ऐकू येईना, तेव्हा मी आवाज चढवला.